जो फ्रेझियर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या बॉक्सिंगच्या गाळ्यात भिंतीवर सगळ्यात मोठा फोटो जो फ्रेझियरचा आहे, हेवीवेट म्हणजे वजनदार गटातल्या अमेरिकन जगज्जेत्याचा. नवीन आलेलं प्रत्येक पोर विचारतं, "सर, हा कोण?" नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे मुहम्मद अलीकडून हरला तोच ना?" हो, दोनदा हरला. पण त्याआधी त्याने अलीला हरवलं होतं, तेही अली तोवर एकदाही हरलेला नसताना. मुलांचे आणि पालकांचे प्रश्न पुन्हा पुन्हा तेच येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

फ्रेझियर कुठला? घरची परिस्थिती कशी होती?

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या बोफर्टचा. जन्म १२ जानेवारी १९४४. आई डॉली, वडील रुबिन. आईवडील शेतात राबायचे आणि घरात पोरांची रांग. वडिलांचा डावा हात गोळीबारात गेला होता, त्यामुळे दोन हात लागतील अशा कामात लहानगा जो त्यांच्या शेजारी उभा असायचा.

घरात टीव्ही आला तेव्हा शेजारपाजारचे लोक बॉक्सिंग बघायला जमत. त्यात एकदा काका बोलून गेला की हा पोरगा दुसरा जो लुई (गाजलेला हेवीवेट जगज्जेता) होणार. पोराने ते मनावर घेतलं. पोत्यात चिंध्या, मक्याची कणसं, झाडावरचं शेवाळ आणि मधोमध एक वीट भरून त्याने बॅग बनवली, ओकच्या झाडाला टांगली आणि रोज बडवायला लागला. आमच्याकडे बॅग फाटली म्हणून सराव बुडवणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगतो.

त्याचा डावा हात वाकडा होता, हे खरं आहे का?

खरं आहे. लहानपणी एक मोठं डुक्कर मागे लागलं. पळताना तो पडला आणि डावा हात विटेवर आपटला. डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते, हात आपोआप जुळला आणि पुढे कधी पूर्ण सरळ झाला नाही. तो कोपरात कायम वाकलेला राहिला, आणि हूक, म्हणजे बाजूने वळवून मारायचा ठोसा, मारताना कोपर वाकलेलंच लागतं. लांबून जॅब, म्हणजे सरळ ठोसा, मारायला असा हात अडचणीचा, पण जवळून हूक मारायला जणू घडवून घेतलेला. अर्थात नुसत्या वाकड्या हाताने कोणी चॅम्पियन होत नाही. त्यामागे हजारो वेळा मारलेला तोच एक ठोसा होता.

बॉक्सिंगमध्ये तो आला कसा?

वजन कमी करायला. यावर मुलं हसतात, पालकांच्या डोळ्यांत मात्र आशा चमकते.

पंधराव्या वर्षी गाव सोडून तो आधी न्यूयॉर्कला आणि मग फिलाडेल्फियाला गेला. तिथे कत्तलखान्यात नोकरी धरली. अंग सुटलं होतं म्हणून पोलिसांच्या क्रीडासंस्थेच्या व्यायामशाळेत जाऊ लागला. यँक डरहॅम या प्रशिक्षकाने त्याचा डावा हात पाहिला आणि तिथून सगळं बदललं. 'स्मोकिंग जो' हे नावही डरहॅममुळेच पडलं. ग्लोव्हजमधून धूर निघाला पाहिजे, असं तो त्याला बजावायचा.

ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळालं ते कसं?

ही गोष्ट निवडचाचणीत हरून आलेल्या मुलांसाठी.

१९६४च्या टोकियो ऑलिंपिकच्या निवडीत फ्रेझियर बस्टर मॅथिसकडून हरला होता. मॅथिस त्याच्यापेक्षा कितीतरी धिप्पाड. फ्रेझियर संघाबरोबर राहिला तो राखीव खेळाडू म्हणून. मग मॅथिसचा हात दुखावला आणि जागा रिकामी झाली. तेव्हा फ्रेझियर तयारीत होता, कारण राखीव असतानाही त्याने सराव सोडला नव्हता. उपांत्य लढतीत त्याचा डावा अंगठा मोडला. त्याने ते लपवलं, तसाच अंतिम फेरीत उतरला आणि जर्मनीच्या हान्स हूबरला पंचांच्या ३-२ अशा कौलाने हरवलं. त्या वर्षी अमेरिकेला बॉक्सिंगमध्ये मिळालेलं हे एकमेव सुवर्ण.

मोडक्या अंगठ्याने लढण्याचं मी कौतुक करत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. आमच्याकडे हात दुखत असेल तर आधी सांगायचं, मग बँडेज बांधायचं. कौतुक आहे ते राखीव असतानाच्या सरावाचं.

तो 'खरा' चॅम्पियन नव्हता, अलीची पदवी काढून घेतली म्हणून याला मिळाली, असं म्हणतात. ते बरोबर आहे का?

अर्धंच. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला अलीने नकार दिला आणि १९६७ मध्ये त्याची पदवी काढून घेतली गेली. रिकाम्या जागेसाठी स्पर्धा भरली, तीत फ्रेझियर उतरलाच नाही. मार्च १९६८ मध्ये त्याने मॅथिसला अकराव्या फेरीत गारद केलं आणि न्यूयॉर्क राज्याच्या क्रीडा आयोगाने त्याला चॅम्पियन मानलं. स्पर्धा जिंकणाऱ्या जिमी एलिसला त्याने १६ फेब्रुवारी १९७० रोजी हरवलं आणि दोन्ही बाजूंची मान्यता एकाच माणसाकडे आली. राहिली शंका अलीची. ती पुढच्या वर्षी रिंगमध्येच मिटली.

उंची कमी असून तो हेवीवेटमध्ये टिकला कसा?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. उत्तर लांब आहे आणि ते आरशासमोर उभं राहून वाचावं.

फ्रेझियर जेमतेम पाच फूट साडेअकरा इंच. अली सहा फूट तीन. अलीच्या हातांची कक्षा फ्रेझियरपेक्षा पाच इंचांनी जास्त. लांबून खेळलं असतं तर फ्रेझियर जन्मभर जॅब खात बसला असता. म्हणून त्याने अंतरच मिटवलं. डोकं सतत हलतं, गुडघे वाकलेले, कंबरेतून डावीकडे झुकायचं, मग खालून उजवीकडे, आणि प्रत्येक झुकण्याबरोबर अर्धं पाऊल पुढे. याला 'बॉब अँड वीव्ह' म्हणतात. ठाण्याहून सकाळी आठच्या जलद लोकलमध्ये चढणारा माणूस जसा खांदा खाली घालून फटीतून आत सरकतो, तसा तो समोरच्याच्या दोन हातांच्या आत सरकायचा.

यात मुलं हमखास एक गोष्ट चुकवतात. फ्रेझियर नुसता वाकत नसे, वाकताना वजन भरत असे. डावीकडे झुकला की सगळा भार डाव्या पायावर, आणि तिथून उठताना तोच भार हूकमधून बाहेर. ठोसा हातातून नव्हे, पायातून यायचा. म्हणून स्क्वॅट्स आणि दोरीउड्या टाळून कोणी 'मला फ्रेझियरसारखा हूक शिकवा' म्हटलं की मी आधी उपवन तलावाची फेरी मारून यायला सांगतो.

दुसरी गोष्ट पोटावरच्या ठोशांची. पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत तो बरगड्या आणि पोट सोडायचा नाही. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. दहाव्या फेरीत समोरच्याचे पाय जड होतात, हात खाली येतात, आणि मग डोकं सापडतं. त्या काळी जेतेपदाची लढत पंधरा फेऱ्यांची असे, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांची. आमची मुलं तीन फेऱ्या खेळतात. नऊ मिनिटांत ही गुंतवणूक वसूल व्हायला वेळ कमी पडतो, त्यामुळे फ्रेझियरची शैली जशीच्या तशी उचलू नका. डोक्याची हालचाल घ्या, पायांतलं बळ घ्या.

या शैलीची किंमतही मोठी आहे. आत शिरायचं म्हणजे मार खात शिरायचं. फ्रेझियरने ती किंमत पुरेपूर मोजली. त्याबद्दल पुढे येईलच.

८ मार्च १९७१ला नक्की काय झालं?

न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. दोन्ही बाजूला न हरलेले चॅम्पियन, प्रत्येकाला पंचवीस लाख डॉलर. 'शतकातली लढत' हे नाव लढतीआधीच पडलं होतं. गर्दी इतकी की गायक फ्रँक सिनात्रा रिंगच्या कडेला एका मासिकासाठी फोटो काढत बसला होता.

सुरुवातीच्या फेऱ्या अलीच्या. जॅब भराभर पडत होते. फ्रेझियर मात्र थांबेना. मधल्या फेऱ्यांत त्याने पोटावर काम केलं आणि अली दोरांना टेकून लढू लागला. अकराव्या फेरीत एका डाव्या हूकने अलीचे पाय लटपटले. आणि पंधराव्या, शेवटच्या फेरीत फ्रेझियरने जवळजवळ जमिनीतून उचलून आणलेला हूक अलीच्या जबड्यावर बसला. अली पाठीवर पडला. लगेच उठलाही, आणि फेरी पूर्ण केली. हे अलीचंही मोठेपण, ते नाकारायचं कारण नाही. तिघांनीही कौल फ्रेझियरला दिला: ९-६, ११-४ आणि ८-६, एक फेरी बरोबरीत.

लढतीनंतर दोघांनाही हॉस्पिटल गाठावं लागलं.

त्याच वर्षी फ्रेझियरला दक्षिण कॅरोलिनाच्या विधिमंडळापुढे भाषणासाठी बोलावलं गेलं. ज्या राज्यातून तो पंधराव्या वर्षी बसमध्ये बसून निघून गेला होता, त्याच राज्याचं विधिमंडळ. माझ्या लेखी हा प्रसंग त्या पंधराव्या फेरीइतकाच मोठा आहे.

फोरमनकडून इतका वाईट का हरला?

२२ जानेवारी १९७३, किंग्स्टन, जमैका. दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पडला. कारण साधं आहे: फ्रेझियर सरळ पुढे यायचा आणि जॉर्ज फोरमनला तेच हवं होतं. फोरमन त्याला दोन्ही हातांनी मागे ढकलायचा, आपल्याला हवं तेवढं अंतर करायचा आणि अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, मारायचा. वाकून येणाऱ्याला अपरकट सगळ्यात महाग पडतो. तरी सहाही वेळा तो उठून उभा राहिला, हे विसरू नका.

१९७६ मध्ये पुन्हा फोरमनशी लढला आणि पाचव्या फेरीत हरला. त्यानंतर निवृत्ती.

मनिलाची लढत थांबवली कोणी? फ्रेझियर घाबरला होता का?

नाही. हे उत्तर पालकांनी आवर्जून वाचावं. फ्रेझियरचा फोटो आमच्या भिंतीवर लावण्याचं मुख्य कारण हीच लढत आहे.

१ ऑक्टोबर १९७५, फिलिपिन्स. अली आणि फ्रेझियर यांची तिसरी लढत. दुसरी १९७४ मध्ये अलीने गुणांवर जिंकली होती, त्यामुळे हिशेब बरोबरीत होता. अमेरिकेतल्या प्रेक्षकांची वेळ साधायची म्हणून लढत सकाळी ठेवली होती. छपराखाली प्रचंड उकाडा, त्यात दिव्यांची धग. मे महिन्यात आमच्या गाळ्याच्या पत्र्याखाली दुपारी तीन फेऱ्या स्पॅरिंग केलेल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही.

पहिल्या फेऱ्या अलीच्या, मधल्या फ्रेझियरच्या, आणि बाराव्यापासून पुन्हा अलीच्या. तेराव्या फेरीत फ्रेझियरचा मुखरक्षक उडून प्रेक्षकांत पडला. त्याचा उजवा डोळा सुजून बंद होत आला होता. आणि डाव्या डोळ्यात आधीपासून मोतीबिंदू होता, जो त्याने वर्षानुवर्षं लपवला होता. म्हणजे चौदाव्या फेरीत अलीचे उजवे ठोसे त्याला दिसतच नव्हते.

चौदावी संपली. एकच फेरी उरली होती, तीन मिनिटांची. कॉर्नरमध्ये, म्हणजे दोन फेऱ्यांच्या मधे बॉक्सर बसतो त्या कोपऱ्यात, होता प्रशिक्षक एडी फच. १९७३ मध्ये डरहॅम वारल्यापासून फ्रेझियरची जबाबदारी त्याच्याकडे होती. त्याने लढत थांबवायचं ठरवलं. फ्रेझियर नको म्हणत होता, उठू पाहत होता. फचने त्याला खाली बसवलं आणि सांगितलं की संपलं आता, तू आज इथे जे केलंस ते कोणी विसरणार नाही. फचने आपल्या आयुष्यात रिंगमध्ये जीव गेलेले पाहिले होते. त्याला फ्रेझियरची मुलं माहीत होती.

समोरच्या कॉर्नरमध्ये अलीची अवस्थाही उठण्यापलीकडची होती. मरण याहून जवळून पाहिलं नाही, अशा अर्थाचं तो नंतर बोलला. पुढे बरेच जण म्हणाले की फचने आणखी एक मिनिट थांबायला हवं होतं, कदाचित अलीच उठला नसता. असेलही. मला तो हिशेब मांडावासाच वाटत नाही. समोरचा उठणार की नाही हे पाहणं कॉर्नरचं काम नाही, आपल्या पोराला दिसतंय की नाही हे पाहणं त्याचं काम आहे. फचने ते केलं, जगातल्या सगळ्यात मोठ्या लढतीत, शेवटच्या फेरीआधी.

मग तुमच्याकडे लढत कधी थांबवता?

मुलगा ठोशाला उत्तर देईनासा झाला, नजर स्थिर राहत नसली, पाय आडवे पडू लागले किंवा सांगितलेलं कानावरून जायला लागलं, की टॉवेल टाकून लढत थांबवायची. पोर रागावतं, कधी रडतं. कधी स्टेडियममधल्या बाकावरून वडील ओरडतात, "सर, अजून एक मिनिट होतं!" ओरडू द्या.

डोक्याला मार बसून चक्कर, उलटी, डोकेदुखी किंवा विसरल्यासारखं झालं तर सराव बंद आणि डॉक्टर. परत कधी यायचं ते डॉक्टर ठरवतील. आणि डोळ्यांची तपासणी दरवर्षी. फ्रेझियरने जे लपवलं ते आमच्या मुलांनी लपवू नये, एवढाच हट्ट आहे.

अली आणि फ्रेझियर मित्र होते की शत्रू?

आधी मित्र. अलीवर बंदी होती तेव्हा फ्रेझियरने त्याला पैशाची मदत केली, परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकला. मग लढतीची तिकिटं खपवण्याच्या नादात अलीने त्याला अडाणी म्हटलं, गोऱ्यांचा हांजी हांजी करणारा म्हटलं, मनिलाला तर गोरिला म्हटलं. शेतमजुराच्या घरातून आलेल्या, मांस कापून पोट भरलेल्या काळ्या माणसाला काळ्याच माणसाने हे म्हणावं, हे फ्रेझियरच्या फार आत लागलं. शाळेत त्याच्या मुलांना चिडवलं गेलं.

अली माझाही आवडता आहे. पण ते बोलणं चूक होतं आणि मुलांना ते चूक म्हणूनच सांगायला हवं. फ्रेझियरनेही पुढे अलीच्या आजारपणाबद्दल कडवट शब्द काढले, तेही चूकच. २००१ मध्ये अलीने वर्तमानपत्रातून माफी मागितली. २०११ मध्ये फ्रेझियरच्या अंत्यविधीला आजारी अली स्वतः हजर राहिला.

'रॉकी' सिनेमा त्याच्यावरच आहे ना?

नाही, त्यातला बॉक्सर काल्पनिक आहे. पण कत्तलखान्यात टांगलेल्या मांसावर ठोसे मारणं ही फ्रेझियरची खरी सवय होती. सिनेमात तो क्षणभर स्वतःच्या भूमिकेत दिसतोही. फिलाडेल्फियाने काल्पनिक बॉक्सरचा पुतळा आधी उभारला आणि फ्रेझियरचा २०१५ मध्ये, तो गेल्यानंतर. हे मला आजही खटकतं.

एकूण किती लढती?

३७. त्यांत ३२ विजय (पैकी २७ नॉकआउट), ४ पराभव, १ बरोबरी. चारही पराभव अली आणि फोरमन या दोघांकडूनच, प्रत्येकाकडून दोनदा. बरोबरी १९८१च्या एकुलत्या पुनरागमनातली.

निवृत्तीनंतर त्याने काय केलं?

गाण्याचा बँड काढला होता, तो फार चालला नाही. खरं काम व्यायामशाळेचं. फिलाडेल्फियाच्या नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर त्याची व्यायामशाळा होती आणि उतारवयात तो वरच्या मजल्यावरच राहायचा. वस्तीतली मुलं खाली सराव करायची. २००८ मध्ये ती बंद पडली. ठाण्यात भाड्याच्या गाळ्यात वर्ग चालवणाऱ्या कुणालाही त्याचं दुःख कळेल. पैसा बराचसा हातातून गेला होता.

मुलगा मार्व्हिस हेवीवेट बॉक्सर झाला. १९८६ मध्ये टायसनने त्याला तीस सेकंदांत पाडलं. मुलगी जॅकी वकील होती. ती २००१ मध्ये अलीच्या मुलीशी, लैलाशी लढली आणि थोडक्यात हरली. पुढे ती फिलाडेल्फियात न्यायाधीश झाली.

फ्रेझियर ७ नोव्हेंबर २०११ रोजी यकृताच्या कर्करोगाने गेला. वय ६७.

आपल्याकडे असे हेवीवेट झाले का?

झाले, आणि त्यांची नावं मुलांना पाठ हवीत. हवा सिंग यांनी १९६६ आणि १९७० अशा लागोपाठ दोन आशियाई स्पर्धांत हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं. हरियाणातल्या भिवानीत आज जी बॉक्सिंगची परंपरा दिसते तिच्या मुळाशी ते आहेत. लष्करातले कौर सिंग १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेचे विजेते. १९८० मध्ये दिल्लीत ते खुद्द अलीशी प्रदर्शनी लढत खेळले होते.

माझा मुलगा अंगाने भरलेला आहे. त्याला हेवीवेट करता येईल का?

कळवा, किसननगर, घोडबंदर, सगळीकडून हा प्रश्न येतो. काकू, आत्ता वजनगटाचा विचारच करू नका. वाढत्या वयात गट दरवर्षी बदलतो. मोठ्या माणसांतही हेवीवेट म्हणजे नुसता जाड माणूस नव्हे. पॅरिस ऑलिंपिकला पुरुषांचा हेवीवेट गट ९२ किलोपर्यंतचा होता आणि त्यावर सुपर हेवीवेट. फ्रेझियर अलीशी पहिल्यांदा लढला तेव्हा त्याचं वजन सुमारे ९३ किलो होतं, आणि त्या वजनाने तो पंचेचाळीस मिनिटं न थांबता पुढे चालत राहिला. मुलाला आधी तीन महिने दोरीउड्या, धावणं आणि पायांचं काम करू द्या. उपाशी ठेवून वजन उतरवू नका आणि 'हेवीवेट व्हायचंय' म्हणून वडापाव वाढवूही नका.

मुलींना फ्रेझियरची शैली चालेल का?

चालेल. बुटक्या आणि मजबूत पायांच्या मुलींना तर फारच.

कुठल्या लढती पाहाव्यात?

आधी १९७०ची जिमी एलिसची. त्यात फ्रेझियर ऐन भरात आहे आणि लढत लहान आहे. मग १९७१ची पूर्ण पंधरा फेऱ्यांची. पहिल्यांदा समालोचन बंद करून फक्त फ्रेझियरचे पाय पाहा, दुसऱ्यांदा डोकं. हूक शेवटी पाहा. फोरमनची किंग्स्टनची लढत अपरकट शिकताना आम्हीच दाखवतो.

मनिला मुलांनी एकट्याने मोबाइलवर पाहू नये असं माझं म्हणणं आहे. ती आम्ही मोठ्या मुलांना शनिवारी सरावानंतर एकत्र दाखवतो, मधेमधे थांबवून, कॉर्नरमध्ये काय चाललंय ते समजावत. पालकांनी यायला हरकत नाही, उलट यावंच. खुर्च्या कमी आहेत, आदल्या दिवशी कळवलंत तर शेजारच्या गाळ्यातून मागवून ठेवू.